स्मरणचित्राचा पेपर आणि समुद्राचं कापड

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘वस्त्रसंकल्पनाची प्रक्रिया’ असा छापला आहे. प्रक्रिया सांगणारच आहे, पण ज्यासाठी मुद्दाम आले ते आधी बोलून टाकते. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात. इथल्या किती जणांनी दिल्यात? (बरेच हात वर.) बघा, म्हणजे पेपर तुम्हाला आठवत असणार. एक स्मरणचित्राचा. जत्रा, भाजी मंडई, पावसातला बसथांबा. दुसरा संकल्पचित्राचा. चौकोन आखा, त्यात फुलं-पानं बसवा, रंगसंगती उष्ण की शीत ते सांभाळा. दोन वेळा, दोन कागद, दोन वेगळे गुण.

माझं म्हणणं असं, की हे दोन पेपर नाहीतच, हा एकच पेपर आहे. नक्षी आठवणीतूनच निघायला हवी. शाळकरी मुलाला आपण शिकवतो की तू पाहिलेली जत्रा त्या कागदावर आणि नक्षी या कागदावर. ते मूल मग मोठं होऊन कापडाच्या धंद्यात येतं आणि जन्मभर दुसऱ्यांच्या फुलापानांची उलथापालथ करत बसतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. म्हणून आज कापडाबद्दल बोलताना मी पुन्हा पुन्हा त्या पेपरवर येणार आहे.

माझं बालपण मालवणचं. समुद्रावरच्या कापडांची एक मालिका मी केली, नाव ‘ओहोटी’. मुलांच्या खोलीचे पडदे, चादरी, झबली, फ्रॉक यांसाठीचं सुती कापड. त्यासाठी स्वतःला एक नियम घालून घेतला. आकार कागदावर उतरेपर्यंत समोर फोटो नको, पुस्तक नको, टेबलावर शिंपलासुद्धा नको, आणि तोवर मालवणलाही जायचं नाही. हाताला जे येईल ते येऊ द्यायचं.

तर हाताला पहिल्यांदा काय आलं? लाट आली नाही. निळा रंग आला नाही. आला तो केंड. केंड म्हणजे तो मासा, जो घाबरला की पोट टम्म फुगवतो. आणि मी त्याच्या शेजारी होडी काढली, तर होडी केंडाएवढीच निघाली. असं का झालं ते सांगायचं तर रापणीबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. शाकाहारी मंडळींनी पाच मिनिटं सांभाळून घ्यावं. (हशा)

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरा दोर लांब पल्याड किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि ओढायला सुरुवात होते. हे काम घाईचं नाही. दोर ओला, जड, त्यात वाळू अडकलेली, तळहात सोलवटून निघतात. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात, कारण जाळ्याचं तोंड हळूहळू मिटत आणायचं असतं. जो हात लावेल त्याला वाटा, ही रापणीची रीत. मुलंसुद्धा शेवटाला जाऊन लोंबकळायची. कुणीतरी हाक मारायचं, “चेडवा, हात लाव गो, वाटो गावतलो!” आणि खरोखर मिळायचा, चार बांगडे, मूठभर पेडवे. आमचं वजन ते केवढं, त्या ओढण्यानं काय फरक पडत असेल? पण वाटा मिळायचा. आज पर्ससीन जाळी आणि ट्रॉलर बोटी यांच्या रेट्यात या रापणी किती आक्रसल्यात हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो कुणीतरी इथे यावर्षीच मांडायला हवा.

जाळं वाळूवर आलं की मोठी माणसं मासळी निवडायला बसायची. तारली एकीकडे, बांगडा एकीकडे. सौंदाळे, मोरी. आणि ज्याला बाजारात किंमत नाही ते बाजूला फेकलं जायचं. तारामासा, एखादा समुद्रघोडा, रिकामे शंख, आणि केंड. ते सगळं आमचं! मी वाळूत पालथी पडून केंडाकडे बघायची. त्याचं तोंड नीट आठवतं मला. पुढचे दात एकमेकांना जुळून चोचीसारखे झालेले, डोळा मोठा आणि गोल, पोट पांढरं, ताणून बसलेलं, त्यावर बारीक काटे. बोट लावलं की आत हवा आहे हे कळायचं. तोंडावर भाव असा, की जणू आम्हीच त्याचा काहीतरी अपराध केलाय. पाण्याजवळ नेऊन सोडला की थोडा वेळ तसाच उताणा तरंगायचा आणि मग एकदम बुडी मारून नाहीसा व्हायचा.

एवढ्या जवळून बघितलं म्हणून तो होडीएवढा. मुलाच्या डोळ्याची मापं अशी असतात. फोटो समोर ठेवला असता तर मी केंड वीतभर काढला असता आणि होडी मोठी, सगळं प्रमाणशीर, आणि कापड कुणीही केलं असतं तसं झालं असतं.

(एक श्रोता: पापलेट नाही का काढलं?) पापलेट आमच्या वाट्याला यायचं नाही हो! (हशा) नाही काढलं. आठवणीत ते ताटात आहे, वाळूत नाही.

आता यातली खरी गंमत ऐका, कारण ‘अंतःप्रेरणेनं केलं’ म्हटलं की लोकांना वाटतं, मनाला येईल तसं रेखाटलं आणि छापून टाकलं. कापडाला शिस्त असते. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या नळीसारख्या स्क्रीननं होणाऱ्या छपाईत, नेहमीच्या स्क्रीनचा घेर 64 सेंटिमीटर. म्हणजे तुमची नक्षी 64 सेंटिमीटरला, किंवा त्याला पूर्ण भाग जाईल अशा मापाला, पुन्हा सुरू व्हायलाच हवी, आणि सांधा दिसता कामा नये. शिवाय मासे सगळे एकाच दिशेनं पोहत असतील तर शिंप्याला कापड उलटसुलट बेतता येत नाही, एका फ्रॉकला जास्त कापड लागतं, पोटाशी माशांची डोकी जुळवत बसावं लागतं. त्यामुळे या धंद्यात सांगतात, आकार चहूकडे तोंडं करून टाका. मी रापण काढली तेव्हा हे काहीही डोक्यात नव्हतं. जाळ्यातून ओतलेली तारली जशी पडते तशी काढली. काही वर तोंड, काही खाली, काही आडवी, एकीवर दुसरी. कागद पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की बेतायला याहून सोयीची मांडणी नाही. कापड कुठूनही फिरवा, ते उलटं होत नाही. पुढे नक्षी शेजारी-शेजारी लावून लांबून, डोळे बारीक करून बघितली. तेव्हा मात्र एक तिरकी पट्टी उठून दिसली, चंदेरी पोटं एका ओळीत आली होती. ती मोडायला हाफ ड्रॉप केला, म्हणजे शेजारचा उभा पट्टा अर्ध्या मापानं खाली सरकवला, आणि दोन मासे हलवले. तेवढं कारागिरीचं काम. मांडणी आठवणीनं दिली.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला. तिचा इतिहास, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला दिलेलं नवं जीवन, हे तुम्हाला माहीत आहे. मला फक्त दशावतारी संचातला मत्स्याचा रंग दाखवायचा आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. मत्स्याच्या एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, असं करत दश्शीवर दहा. गोल पानात दहा मासे बसवायचे आणि खेळणाऱ्याला एका नजरेत मोजता आले पाहिजेत. चितारी समोर मासा ठेवून ते काढत नाहीत. तो मासा हातातून हातात आलेला आहे. स्मरणचित्र आणि संकल्पचित्र एकाच चार बोटांच्या पानावर! हे आपल्या घरात असताना परीक्षेत आपण ते दोन पेपर कसे केले?

आता असंच आठवणीतून आलेलं समुद्राचं कापड, फ्रेंच चित्रकार मातिसचं. आंरी मातिस 1930 साली ताहितीला गेले, तेव्हा साठीचे होते. तिथल्या लगूनमध्ये पोहले, पाण्याखाली बघितलं. चित्रं मात्र तिथे जवळजवळ काढलीच नाहीत. सोळा वर्षांनी, 1946 मध्ये, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ अंथरुणाला खिळलेला हा म्हातारा माणूस पॅरिसच्या घरात कागदाचा एक पक्षी कापतो. टाकवत नाही म्हणून तो भिंतीवरच्या डागावर लावतो. मग त्याच्या शेजारी दुसरा आकार. मग मासे, प्रवाळ, समुद्री वनस्पती. दोन भिंती भरतात. लंडनचे कापडछपाईवाले झिका अॅशर ते बघतात आणि लिननवर छापायचं ठरतं. ‘ओसेआनी’ नावाची दोन कापडं, एक आकाश, एक समुद्र, प्रत्येकी साडेतीन मीटरहून लांब, प्रत्येकाच्या 30 प्रती. आणि रंग? खोलीच्या भिंतीसारखी फिकट पिवळसर-तपकिरी जमीन, तिच्यावर पांढरे आकार. समुद्रावरच्या या जगप्रसिद्ध कापडात निळा नाही! सोळा वर्षं मनात ठेवल्यावर पाण्याचा रंग गळून गेला आणि प्रकाश उरला.

कुणी म्हणेल, ही बालपणाची आठवण नव्हे. मान्य आहे. पण मातिस वाढले बोएँ या विणकरांच्या गावात, पूर्वजांत विणकर होते, कापडाचे तुकडे त्यांनी आयुष्यभर जमवले. आकार सपाट कापडावर कसा बसतो हे त्यांच्या अंगात आधीपासून होतं.

एक चिठ्ठी आली आहे. “विल्यम मॉरिस निसर्ग बारकाईनं बघत असत. मग तुमचा सिद्धान्त?” चांगला प्रश्न आहे, आणि मी तो टाळणार नाही. इंग्लिश नक्षीकार मॉरिसची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही कापडाची नक्षी 1883 ची. केल्मस्कॉटच्या आपल्या घराच्या बागेत स्ट्रॉबेरी पळवणारे पक्षी त्यांनी स्वतः बघितले, त्यावरून ती आली. पण मॉरिस एपिंगच्या जंगलालगत लहानाचे मोठे झाले, वनस्पतींची जुनी पुस्तकं लहानपणापासून बघत आले. बघू नका असं मी म्हणतच नाहीये. भरपूर बघा, पालथं पडून बघा. काढायला बसाल तेव्हा समोर ठेवू नका, एवढंच. फोटोत डोळा, खवला, मागची दोरी, कुणाची तरी चप्पल, सगळं सारख्याच ठळकपणे येतं. त्यातलं काय गाळायचं हे तुम्हाला ठरवता येत नाही, म्हणून मग काहीच गाळलं जात नाही.

दुसरी चिठ्ठी. “समुद्र न पाहिलेल्या मुलानं काय करावं?” त्यानं समुद्र कशाला काढायचा? भंडाऱ्याच्या मुलानं मालगुजारी तलाव काढावा, शिंगाड्याचा वेल काढावा, ढिवर मच्छीमारांची जाळी काढावीत. त्याचं कापड मी आनंदानं अंगावर घालीन. (टाळ्या)

संयोजकांनी दहा मिनिटं उरल्याची खूण केली आहे. कुर्लीचं थोडक्यात सांगते. ओहोटीच्या ओल्या वाळूत नखाएवढ्या कुर्ल्या, म्हणजे छोटे खेकडे, असतात. वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून चहूकडे गोळ्यांच्या ओळी निघतात, अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या, आणि भरती आली की पुसल्या जातात. हे मी एका कापडाची जमीन म्हणून वापरलं. ठसा गुजरातमध्ये पेथापूरला कोरून घेतला, सागवानाचा. इतके बारीक ठिपके लाकडात टिकत नाहीत म्हणून तिथे पितळी खिळे ठोकतात. कारागिरानं आधी सगळे खिळे एका जाडीचे लावून दाखवले, काम अगदी देखणं होतं. पण कुर्लीच्या गोळ्या एकसारख्या नसतात. बिळाजवळच्या लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या. मग आम्ही दोघांनी बसून तीन जाडीचे खिळे निवडले.

आणि निळा. पूर्ण मालिकेत निळं कापड एकच आहे. थंडीच्या काही रात्री आमच्या किनाऱ्यावर लाट फुटताना उजळायची, निळसर-हिरवी. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे होतं ते. ओल्या वाळूवर पाय आपटला की पावलाभोवती ठिणग्या. ते कापड राजस्थानात बगरूला दाबू पद्धतीनं केलं. चिखल, चुना आणि डिंकाचा लेप ठशानं लावायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळवायचं आणि निळीच्या हौदात बुडवायचं. लेपाखाली पांढरं राहतं. कापड हौदातून बाहेर येतं तेव्हा निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत, कडेकडून आत, निळं होत जातं. तो मधला हिरवा क्षण मला कापडात कायमचा ठेवता आला असता तर! तो राहत नाही. पण त्यासाठीच मी नीळ निवडली, तयार रंग घेतला नाही.

वेळ संपली आहे, ग्रेड परीक्षांच्या अभ्यासक्रमाबद्दलचा माझा भाग राहून गेला. चित्रकला शिक्षक इथे आहेत, त्यांनी थांबावं, आपण बोलू. बाहेर कापडं मांडली आहेत. हात लावून बघा, उलटी बाजूही बघा. शेवटच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. मोबाइल खिशातच राहू दे, भिंतीवरच्या चित्रांकडेही बघू नका. लहानपणी जवळून पाहिलेला एखादा मासा, किडा, पक्षी, जे हाताला येईल ते काढा आणि खाली गावाचं नाव लिहा. कागद मी घेऊन जाणार आहे.