गरिबी मोजणारी पट्टी

अमेरिकेतल्या गरिबीवर बोलायचं म्हटलं की पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू येतं. आपली मुलं-सुना न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात; तिथं कसली आलीय गरिबी! पण तिथल्या जनगणना खात्याच्याच हिशेबानं २०२३ साली ३ कोटी ६८ लाख माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. शंभरात अकरा. मला या आकड्यापेक्षा तो ज्या पट्टीनं मोजला तिचं कुतूहल जास्त आहे.

ही पट्टी मॉली ओर्शान्स्की नावाच्या बाईंनी तयार केली. युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू आईबापांची ही लेक, ओढगस्तीतच वाढलेली. पुढं सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्यात आकडेवारीचं काम करू लागली. १९६३च्या सुमारास तिनं शेती खात्यानं आखलेला सर्वांत स्वस्त आहाराचा तक्ता घेतला. हा तक्ता हातात पैसा नसलेल्या दिवसांपुरता, तात्पुरता. त्यात गृहीत असं की घरची बाई भाव पाहून खरेदी करणार, सगळं घरीच रांधणार आणि कणभरही वाया घालवणार नाही. (आपल्या आज्या या परीक्षेत पहिल्या आल्या असत्या.) १९५५च्या एका सरकारी पाहणीत दिसलं होतं की कुटुंबाच्या मिळकतीतला साधारण तिसरा हिस्सा जेवणखाण्यावर जातो. म्हणून त्या तक्त्याच्या खर्चाला तिनानं गुणलं. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ३,१०० डॉलर. झाली रेषा!

किती म्हणजे पुरेसं ते ठामपणे सांगता आलं नाही, तरी किती म्हणजे अपुरं ते सांगता येतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण जानेवारी १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि सरकारला आयतं मोजमाप हवंच होतं. १९६९ साली ही रेषा अधिकृत झाली. त्यानंतर तिच्यात दरवर्षी महागाईची भर पडते, बाकी सांगाडा तोच. घरभाडं, दवाखाना, पाळणाघर यांचे खर्च कुठल्या कुठे गेले, खर्चातला जेवणाचा वाटा पुष्कळ घटला. ‘गुणिले तीन’ मात्र अजून पायाशी बसून आहे.

दुसरी गोम अशी की ही पट्टी कर कापण्याआधीची रोख मिळकत पाहते. सरकारनं अन्नासाठी दिलेली मदत, घरभाड्यातली सवलत, करातून परत मिळालेले पैसे तिच्या खिजगणतीत नाहीत. म्हणून २०११पासून हे सगळं धरणारं एक पूरक मोजमापही जनगणना खातं प्रसिद्ध करतं. आता गंमत पाहा. २०२१ साली मुलांसाठीची करसवलत एका वर्षापुरती वाढवली गेली. सहा वर्षांखालच्या मुलामागं ३,६०० डॉलर, मोठ्यामागं ३,०००. त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट आईबापांना. मुख्य म्हणजे ज्यांची मिळकत शून्य, त्यांनाही पूर्ण. पूरक मोजमापानुसार मुलांमधली गरिबी २०२०च्या ९.७ टक्क्यांवरून ५.२ वर उतरली. सिनेटमध्ये मुदतवाढ अडकली, सवलत संपली आणि २०२२ साली तोच आकडा १२.४ झाला. या तिन्ही वर्षांत अधिकृत पट्टी मुलांमधली गरिबी १५-१६ टक्क्यांवरच दाखवत होती. एवढी मोठी भरती-ओहोटी होऊन गेली, तिला पत्ताच नाही!

मुदतवाढीच्या विरोधकांचं म्हणणं होतं की फुकटचा पैसा मिळाला की आईबाप काम सोडतील, शिवाय खर्च फार. खर्चाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण गरिबी आळसातून येते असं म्हणणाऱ्यांनी मला एवढं सांगावं, की २०२१ साली लाखो आईबाप एकदम उद्योगी झाले आणि २०२२ साली पुन्हा आळशी, असं घडलं काय?

आपल्याकडं अशी पट्टी आखण्याचं काम पुण्यातच झालं. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २,२५० उष्मांकांचा हिशेब मांडला: १९६०-६१च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढं सुरेश तेंडुलकर समितीनं २००९ साली उष्मांकांचा खुंटा सोडला. ते आकडेही तुटपुंजे म्हणून गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. एक गोष्ट मात्र आपल्या पट्टीत बरी आहे. ती मिळकत पाहत नाही, खर्च पाहते. ‘लाडक्या बहिणी’चे दीड हजार घरात खर्च झाले तर ते तिला दिसू शकतात. २०१४च्या रंगराजन समितीची रेषा सरकारनं स्वीकारली नाही, त्यामुळे ते दीड हजार कुठल्या रेषेशी ताडून पाहायचे, हे आधी ठरवावं लागेल.