कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

नाट्यगृहातील प्रेक्षक रंगमंचावर कोठे पाहावयाचे हे स्वतः ठरवितो. नायकाचे भाषण चालू असता कोपऱ्यात उभ्या असलेल्या दासीचा चेहरा न्याहाळण्यास त्याला कोणाची आडकाठी नसते. दूरचित्रवाणीच्या नाटकात हे स्वातंत्र्य उरत नाही. तेथे कॅमेरा आधी निवडतो आणि प्रेक्षक मागाहून पाहतो. म्हणूनच एखाद्या मालिकेत स्त्रीपुरुषांचे चित्र कसे उमटले आहे हे जाणावयाचे, तर केवळ कथानक आणि संवाद तपासून भागत नाही. कॅमेऱ्याचीही साक्ष काढावी लागते.

या साक्षीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. लेखक होते मनोहर श्याम जोशी. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा या विषयांवर लोकशिक्षण करावे, हा तिचा उघड हेतू होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार समजुतीचे शब्द बोलत. मालिकेतील भागवंती ही सोशिक आई पाहून प्रेक्षकांनी ‘असे जिणे नको’ असा बोध घ्यावा, अशी योजना होती. परंतु अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांना असे आढळले की, अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले होते. सोसणे हा जिचा दोष म्हणून दाखवावयाचा, तिचे सोसणेच पूज्य ठरले! समाजात मुरलेल्या कल्पना याला कारण आहेतच. पण पडद्याचाही एक स्वभाव आहे. ज्या चेहऱ्याजवळ प्रेक्षकाला वारंवार नेऊन बसवावे, त्या चेहऱ्याची बाजू त्याला आपली वाटू लागते. उपदेशाचे शब्द मागे पडतात आणि डोळ्यांतील पाणी लक्षात राहते.

कॅमेऱ्याची मुख्य साधने तीन. पहिले अंतर. दुरून घेतलेल्या दृश्यात माणूस आपल्या परिसरासह दिसतो, तर समीपदृश्यात, म्हणजे क्लोज-अपमध्ये, चेहऱ्यावाचून दुसरे काही उरत नाही. दुसरे साधन उंची. खालून वर पाहणारा कॅमेरा व्यक्तीला भारदस्त करतो, तर वरून खाली पाहणारा बहुधा तिला दुबळी करतो. तिसरे साधन दृष्टी. कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहत आहे, हा तो प्रश्न. लॉरा मल्वी या इंग्रज विदुषीने १९७५ च्या आपल्या निबंधात हॉलिवुडच्या चित्रपटांसंबंधी हाच मुद्दा मांडला : तेथे पाहणारा पुरुष असतो आणि स्त्री ही पाहिली जाणारी वस्तू बनते.

आपल्याकडील दैनंदिन मालिकांत हे गणित थोडे निराळे आहे, कारण त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग स्त्रियांचाच आहे. ३ जुलै २००० रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि तिचे पहिले पर्व २००८ पर्यंत चालले. या धाटणीच्या मालिकांत एखादे वाक्य उच्चारले गेले की कॅमेरा खोलीतील प्रत्येक चेहऱ्यावर झेप घेतो; कधी तोच चेहरा तीनतीनदा दाखविला जातो. पडदा स्त्रियांच्या चेहऱ्यांनी भरून जातो. पण चेहरा मोठा दिसला म्हणून अधिकारही मोठा होतो काय? पुष्कळदा निर्णय दुसरेच कोणी घेते आणि नायिकेच्या वाट्याला त्या निर्णयाने दचकणे तेवढे येते. मात्र सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. याच मालिकेतील तुलसी आपल्या अत्याचारी मुलावर स्वतः गोळी झाडते. तेथे स्त्री कृतीची धनीण होते.

दुसरी परंपराही विसरता कामा नये. १९८५ मध्ये आलेल्या ‘रजनी’ मालिकेत विजय तेंडुलकरांच्या कन्या प्रिया तेंडुलकर यांनी घराबाहेर पडून अन्यायाचा जाब विचारणारी गृहिणी उभी केली. १९८९ मध्ये आलेल्या ‘उडान’ची कथा पोलीस अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलीची होती. तिचे लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या तिन्ही गोष्टी कविता चौधरी यांच्याच होत्या. कॅमेऱ्यापुढेही स्त्री आणि मागेही स्त्री, असा तो योग होता.

श्रोत्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. आवडती मालिका चालू असता पाच मिनिटे आवाज बंद करावा आणि कागदावर तीन रकाने आखावेत : कोण पाहते, कोण पाहिले जाते, आणि निर्णयाच्या क्षणी कॅमेरा कोणावर थांबतो. घरातील मुलामुलींना सोबत घेऊन खुणा कराव्यात. याने मालिकेचा आनंद कमी होणार नाही, मात्र पाहणारा डोळा जागा होईल. रोज रात्री त्याच पडद्यासमोर बसणारी मुलगी रडणे हेच आपले काम असे नकळत शिकत असेल, तर शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तिला एवढे तरी विचारावे : “बाळ, हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे?”