मोठं कॉलेज, पोरीचं कॉलेज

(गडचिरोली येथे बारावीच्या मुली व त्यांच्या आया यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी एक आई म्हणाली, "पोरगी चित्रं चांगली काढते. पण मुंबईचं कॉलेज झेपत नाही, अन् नागपूरच्या कॉलेजला कोण विचारते?" म्हणजे मोठं ते परवडत नाही, परवडतं ते मोठं नाही. मग पोरगी घरीच! यावरच आज बोलू या.

नावाला किंमत असते, हे खोटं नाही. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथं प्रदर्शनं जवळ, चित्रकारांच्या ओळखी जवळ. पण २०२३ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलेल्या फीवर विसंबू नका. आणि घर वाकतं ते एकट्या फीमुळे नाही. खोली, खाणावळ, रंग, कागद, कॅनव्हास, जाणं-येणं, असा चार वर्षांचा खर्च असतो. तो आधीच कागदावर मांडा. चकचकीत जाहिरातीच्या खाजगी संस्थेत गेलात, तर शिक्षक कोण, मुलींचं वसतिगृह आहे का, शिकून गेलेल्या मुली आज काय करतात, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते नाव म्हणजे नुसती पाटी.

बी. प्रभा हे नाव लक्षात ठेवा. १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेली ही चित्रकर्ती. आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकली, मग जे. जे. मध्ये गेली. खेड्यातल्या, कष्टकरी बायका तिनं आयुष्यभर रंगवल्या. नागपूर ही तिची पहिली पायरी होती. आजही नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथं पदवी घ्यावी, पुढच्या शिक्षणाला मुंबई गाठावी, हा रस्ता कमीपणाचा नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. मुलाच्या इंजिनियरिंगसाठी शेत गहाण पडतं, पोरीच्या चित्रकलेला मात्र आपण 'छंद' म्हणतो. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला पैसा या हिशेबात का येत नाही? "परवडत नाही" म्हणताना पैसा नाही, की पोरीवर घालायचा नाही, हे स्वतःला खरंखरं विचारा.

सवलतीही सोडू नका. २०२४ मध्ये शासनानं आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. आदिवासी मुलींसाठी शिष्यवृत्ती, वसतिगृहं आणि स्वयम् योजना आहे. आपलं कॉलेज, आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. एकटीनं खेटे घालू नका, गावातल्या तीन-चार आया मिळून जा.

मुलींनो, हिशेब मांडताना तुम्हीही बसा. निर्णय बापाचा, काकाचा नाही. चार वर्षं तिथं तुम्हाला काढायची आहेत.