दिवेलागणीनंतरची दृष्टी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुले शिकविली, एवढीच आमची पुंजी. परंतु आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने आम्हांस एका थोर संशोधकाच्या चरित्रापर्यंत नेले. तीच हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

आमच्या वर्गात एक गुणी मुलगा होता. दिवसा धडा घडाघडा वाची. पण सायंकाळच्या अभ्यासवर्गास येण्याची टाळाटाळ करी. आलाच तर पायरीवर ठेचकाळे, दुसऱ्यांच्या पाट्यांवर पाय देई. आम्ही त्यास आळशी व धांदरट ठरविले आणि एकदा सर्वांदेखत छडीही मारली. पुढे गावात आलेल्या परिचारिकाबाईंनी त्याच्या आईस दोन प्रश्न विचारले आणि मुलास रातांधळेपणा असल्याचे ओळखले. जीवनसत्त्व ‘अ’चे औषध मिळताच थोड्याच दिवसांत तो दिवेलागणीनंतरही निर्धास्त चालू लागला. त्याच्या डोळ्यांत उणे होते तरी काय, हे शोधता शोधता आम्हांस जॉर्ज वॉल्ड यांचे नाव आढळले.

वॉल्ड यांचा जन्म 1906 साली न्यूयॉर्क येथे, शिवणकाम करणाऱ्या एका स्थलांतरित ज्यू गृहस्थाच्या घरी झाला. बेडकाच्या नेत्रपटलावरील तांबूस रंग उजेडात फिका पडतो, हे फ्रांझ बोल यांनी 1876 सालीच पाहिले होते. रातांधळेपणावर यकृत खाण्यास द्यावे, हे तर आपल्या जुन्या वैद्यांसही ठाऊक होते. परंतु त्या रंगाचा आणि अन्नाचा संबंध कोणता, याचा उलगडा व्हावयाचा होता. 1932 साली वॉल्ड बर्लिन येथे ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि नेत्रपटलात त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ सापडले. पुढे हायडेलबर्ग येथे बेडकांची एक खेप आली. सुट्टीचे दिवस असल्याने ते बेडूक सोडून देण्याचे घाटत होते. वॉल्ड यांनी ते मागून घेतले आणि त्यांच्या नेत्रपटलांतून या रंगद्रव्याचा महत्त्वाचा घटक, रेटिनल, हाती लागला. त्याच वर्षी, 1933 मध्ये, जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती. वॉल्ड यांस मायदेशी परतावे लागले. 1934 पासून हार्वर्ड विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी झाली.

त्यांनी उलगडलेले कार्य असे. मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिनयुक्त द्रव्य असते. त्यातील प्रथिनास जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला रेटिनलचा वाकडा रेणू, कुलपात किल्ली बसावी तसा, बसलेला असतो. प्रकाशाचा किरण पडताच तो वाकडा रेणू सरळ होतो. प्रकाशाचे काम एवढेच! त्यायोगे प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश जाऊ लागतो. पुढे रेणू पुन्हा वाकवून वापरला जातो. परंतु मूळ साठा अन्नातूनच यावा लागतो. साठा आटला की प्रथम संध्याकाळची दृष्टी जाते.

या कार्यात रूथ हबार्ड या विदुषीचा वाटा मोठा होता. पुढे त्या वॉल्ड यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. 1967 सालचे नोबेल पारितोषिक वॉल्ड यांस हार्टलाइन व ग्रानित यांसमवेत मिळाले. हबार्ड यांचे नाव त्यात नव्हते. आपल्या मुलींच्या शिष्यवृत्तीचा विचार करताना मंडळाने हेही स्मरणात ठेवावे.

बंधुभगिनींनो, बेडकाच्या डोळ्यात डोकावणाऱ्या त्या विद्वानाचे ज्ञान आपल्या माजघरापर्यंत पोहोचले पाहिजे. शेवग्याचा पाला, माठ, गाजर, पिकलेली पपई, आंबा यांचा मुलांच्या ताटात नेम असावा. पालेभाजीस थोडे तेल घालावे, म्हणजे त्यातील सत्त्व अंगी लागते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आरोग्य केंद्रात जीवनसत्त्व ‘अ’ची मात्रा देतात, ती चुकवू नये, मात्र आपल्या मनाने जादा मात्रा कदापि देऊ नये, कारण अतिरेकही अपायकारक असतो. आणि सायंकाळी एखादे मूल चाचपडताना दिसले, तर रागावण्यापूर्वी त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

त्या मुलाची क्षमा आम्ही मागितली. तो नुसता हसला. ती छडी मात्र आम्हांस अद्याप बोचते. आपणांपैकी कोणावर अशी पाळी न येवो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.