चकव्याचं तांबं

श्रोतेहो, १९७५ ते १९९१ या काळातला एखादा जुना रुपया अजूनही घरातल्या डब्यात सापडतो. दिसायला पांढरा, चांदीच्या वळणाचा. त्यात तांबं किती असेल? चार भागांतले तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. एवढं तांबं पोटात असूनही अंगावर तांबूस छटा नावालाही नाही. आता याच्या बरोबर उलट असं एक खनिज आहे. रंग ताज्या घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, किंचित गुलाबी. पण त्याच्या घडणीत तांबं नाहीच. त्याचं नाव निकेलीन. जुन्या पुस्तकांत त्याला निकोलाइट म्हणत.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. खनिजांकडे वळलो तो शब्दांच्या मागं मागं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पूर्वी हस्तलिखित पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज. मनशीळ ही त्याची तांबडी बहीण. सोमल हे आर्सेनिकचंच ऑक्साइड, गावोगाव माहीत असलेलं विष. या घराण्याचा शोध घेता घेता मी निकेलीनपर्यंत पोचलो, कारण तेही आर्सेनिकचंच लेकरू आहे.

जर्मनीत सॅक्सनीच्या डोंगरात जुन्या काळापासून खाणी. तिथल्या खाणकामगारांना हे तांबूस खनिज मिळे. तांबं सापडलं म्हणून ते भट्टीत घालत. तांबं निघत नसे. निघे तो विषारी धूर. माणसं आजारी पडत. आपल्याकडे रात्री रानात वाट चुकली की माणूस म्हणतो, चकवा लागला. त्या कामगारांनाही तसंच वाटलं. खाणीतला खोडकर भुताटकीचा प्राणी, त्याचं नाव निकेल; त्यानं आपल्याला फसवलं. म्हणून त्यांनी या खनिजाला ‘कुप्फरनिकेल’ म्हटलं. आपल्या बोलीत सांगायचं तर चकव्याचं तांबं.

हा चकवा उलगडला स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी. १७५१ साली त्यांच्या हाती एका कोबाल्टच्या खाणीतलं असंच खनिज आलं. तांबं असेल या आशेनं त्यांनी ते आम्लात विरघळवलं आणि त्यात लोखंडाचा तुकडा सोडला. द्रावणात तांबं असतं तर लोखंडावर त्याचा तांबडा थर बसला असता. तो बसला नाही. मग खनिजावर आलेला हिरवा थर भाजून त्यांनी तो कोळशाबरोबर तापवला, तेव्हा एक पांढरा, कठीण धातू मिळाला. तोवर माहीत असलेल्या कुठल्याच धातूशी तो जुळेना. कुप्फरनिकेलमध्येही हाच धातू भरपूर आहे, हे दाखवून त्यांनी १७५४ मध्ये त्याचं नाव ठेवलं निकेल. भुताचं नाव धातूला मिळालं आणि पुढं ते जगभरच्या नाण्यांत जाऊन बसलं.

आता या खनिजाचे गुण पाहू. शंभर भाग निकेलीनमध्ये सुमारे ४४ भाग निकेल आणि ५६ भाग आर्सेनिक. म्हणजे एका अणूला एक अणू, अगदी जोडीनं. तेज धातूसारखं. हवेत राहिलं की काळपट पडतं आणि ओलाव्यानं अंगावर पोपटी हिरवा थर येतो. तांब्यावरही हिरवा थर चढतोच, त्यामुळे फसगत आणखी वाढते. मग ओळखायचं कसं? सोनार सोन्याचा कस पाहतो, तसाच खनिजाचाही कस पाहतात. फरशीच्या खडबडीत पाठीवर घासलं की तांब्याची रेघ तांबडी आणि चकचकीत उठते, निकेलीनची फिकट तपकिरी-काळी. तांब्यावर चाकूनं सहज ओरखडा पडतो. निकेलीनची कठिनता पाच ते साडेपाच, चाकूला ते दाद देत नाही. हातोडीखाली तांबं चेपतं, पसरतं. निकेलीनचे तुकडे उडतात. ते पाण्याच्या पावणेआठ पट जड, तांबं जवळपास नऊ पट. आणि तापवलं तर लसणासारखा वास येतो, ती आर्सेनिकची खूण. ही शेवटची परीक्षा मात्र घरी कुणीही करू नये. तो धूर जीव घेऊ शकतो.

वर्गीकरणाची गंमत याहून मोठी आहे. निकेलीनमध्ये गंधक नाही, तरी खनिजशास्त्र त्याला गंधकाच्या खनिजांच्या, म्हणजे सल्फाइडांच्या वर्गात बसवतं. का? तर आर्सेनिकनं तिथं गंधकाची जागा घेतली आहे म्हणून. हरताळात आर्सेनिक धातूसारखं वागतं आणि गंधक त्याचा जोडीदार असतो. निकेलीनमध्ये धातूची भूमिका निकेलकडे, आर्सेनिक स्वतःच जोडीदार. अशा खनिजांना आर्सेनाइड म्हणतात. काही ठिकाणी आर्सेनिक आणि गंधक दोघंही एकत्र नांदतात. राजस्थानात खेतडीच्या परिसरात मिळणारं, कोबाल्ट असलेलं ‘सेहता’ हे त्यातलं. जयपूरचे मीनाकारीचे कारागीर त्यापासून निळा रंग करत. म्हणजे घटक तोच, पण घर बदललं की त्याचं काम बदलतं. खनिज ओळखायचं ते दोन गोष्टींवरून: आत कोण आहे, आणि ते कसे रचले आहेत. बाहेरचा रंग हा फक्त पहिला अंदाज.

हे सूत्र ठामपणे मांडणाऱ्यांत क्रोनस्टेट आघाडीवर होते. १७५८ साली त्यांनी खनिजशास्त्रावर ग्रंथ काढला, तोही स्वतःचं नाव न छापता. खनिजांची विभागणी बाह्य रूपापेक्षा रासायनिक घटकांवरून करावी, असा त्याचा आग्रह होता.

आणि याच माणसाचं आपल्या मातीशी एक नातं आहे. जव्हार तालुक्यातलं जामसर हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या कातळावर वसलेलं. या कातळात निकेलीन मिळत नाही. ते सहसा जमिनीखालच्या गरम द्रावणांनी भरलेल्या खनिजांच्या शिरांत असतं. पण दख्खनच्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये पांढरे, काचेसारखे स्फटिक मिळतात. त्यातल्या एका मोठ्या कुळाला झिओलाइट म्हणतात. हे नावही क्रोनस्टेट यांनीच १७५६ मध्ये दिलं. तापवल्यावर त्या दगडातलं पाणी निघून जातं आणि दगड जणू उकळतो, म्हणून ‘उकळता दगड’. जामसरला मुलं असे खडे आणून विचारतात, “चाचा, हिरा आहे का?” मी म्हणतो, “हिरा नाही. पण याच्या पोटात पाणी आहे.” मुलं निराश होत नाहीत. उलट तो खडा पुन्हा निरखून पाहतात.

मोठ्या माणसांना मात्र पाहायची घाई नसते, मिळवायची असते. तांब्याच्या जुन्या भांड्यावर वीज पडली, त्याचं इरिडियम झालं, ते तांदूळ ओढून घेतं, परदेशात कोट्यवधींना जाईल, असं सांगणाऱ्या टोळ्यांनी देशभर अनेकांना लुबाडलं आहे. त्यात शिकलेले, शहरातले लोकही आहेत. वीज पडून तांब्याचं इरिडियम होत नाही. खरं इरिडियम तांदूळ ओढत नाही. तांदळात लोखंडाची भुकटी आणि भांड्यात लपवलेलं चुंबक, एवढाच तो चमत्कार. सॅक्सनीच्या कामगारांना निदान भूत तरी दोषी वाटलं होतं. आपल्याकडे भूत नाही, शेतजमीन विकून पैसे देणारा माणूस आहे. त्यानं घरातलाच दुसरा तांदूळ त्या भांड्याजवळ धरून पाहिला असता तर जमीन वाचली असती.

वरवर ओळखण्याची सवय दगडांपुरती राहत नाही. कार्यक्रमात माझं नाव पुकारलं की कुणी कौतुकानं म्हणतं, “तुमचं मराठी छान आहे हो!” मला राग येत नाही. मी एवढंच सांगतो, की मी रडलो तो मराठीत, शेजाऱ्यांशी भांडलो तोही मराठीत. नाव हा रंग झाला. कस भाषेचा घ्यावा.

श्रोतेहो, तुमच्या रानात वेगळा दगड मिळाला तर त्याला देवही करू नका आणि भूतही करू नका. वजन पाहा, रेघ ओढून पाहा, ओरखडा काढून पाहा. अनोळखी खनिज चाटू नका, चुलीत घालू नका, हाताळल्यावर हात धुवा. आणि कुणी त्याची किंमत आधी आणि गुण नंतर सांगू लागला, तर उठून घरी जा.