कळसूबाईच्या पायथ्याची तहान

व्यापारी, बागायतदार व दानशूर सद्गृहस्थहो,

कमिटीतर्फे आम्ही ज्या वाडीची हकीकत निवेदन करण्यास उभे आहों, ती अकोले तालुक्याच्या डांगाणांत, कळसूबाईच्या डोंगररांगेंत आहे. वर महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, 5,400 फुटांचें शिखर. खालीं प्रवरेवरील भंडारदऱ्याचा विस्तीर्ण जलाशय. मृगाच्या तोंडावर झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे पाहण्यास मुंबई-पुण्याची मंडळी मोटारींनीं तिकडे लोटतात. अशा रम्य स्थळासाठीं दुष्काळनिवारण कमिटीनें झोळी पसरावी, ह्याचें आपणांस नवल वाटेल. प्रथम आम्हांसही वाटलें.

परंतु तेथील पाऊस जितका मोठा तितकाच उतावळा. खालीं काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. आषाढ-श्रावणांतलें पाणी जमिनींत मुरत नाहीं. होळी झाली कीं झरे आटूं लागतात, आणि वैशाखांत बायामुली रात्रीं झऱ्याशीं पाळी धरून बसतात, वाटीवाटीनें हंडा भरतात. जलाशय डोळ्यांसमोर आहे, पण पुष्कळ खालीं. तो चढ आम्हीं एकदां चढून पाहिला, तोही रिकाम्या हातांनीं, आणि वाटेंत दोनदां बसलों.

भंडारदऱ्याचें धरण 1910 सालीं सुरू होऊन 1926 सालीं पुरें झालें. त्यांतील सुमारें 11 अब्ज घनफूट पाणी प्रवरेच्या कालव्यांनीं खालच्या अवर्षणी मुलखास मिळालें. तेथें ऊस उभा राहिला, 1950 सालीं प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना चालूं झाला, पेठा भरल्या. त्यांत वाईट कांहींच नाहीं, व धरणास दोष देण्यास आम्ही आलों नाहीं. मात्र खोऱ्यांतील भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. डोंगरउतारावर महादेव कोळी शेतकरी नागली, वरई व खुरासणी काढतो. पीक बुडालें कीं बियाणेंही पोटांत जातें. पावसाच्या माऱ्यांत टिकणारीं म्हणून नांवाजलेलीं डांगी गुरें विकावीं लागतात, आणि बैल गेला कीं पुढची पेरणी गेली. संवत 1956 च्या छपनियाची कथा ज्यांच्या घरीं अद्याप सांगतात, त्यांस हें अधिक समजाविणें नको.

आमची मागणी थोडी आहे: झऱ्याशीं एक टांकें, पागोळ्यांचें पाणी धरण्यास दोन हौद, नागलीचें बियाणें व गुरांस पेंढा. मजुरी वाडीकरांसच मिळेल. मागील उन्हाळ्यांत बांधलेला हौद तळाशीं गळला, हें हिशेब देतांना लपविणें योग्य नव्हे. घाई आमची, दोषही आमचा. प्रथम तोच दुरुस्त करावयाचा आहे.

पावसापूर्वीं काम झालें तरच हौद भरतील. म्हणून वर्गणीचा आंकडा आजच घालावा. ज्यांस सिमेंट किंवा बियाणें द्यावयाचें असेल त्यांनीं तें राजूरपर्यंत पोंचवावें. तेथून वर नेण्याची व्यवस्था आम्ही करूं.