आजोबांची दुनळी: चकचकीत करायची की तशीच ठेवायची?

बदलापूरहून बोलतोय. मागून लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आज कोड नाही, नोकरी नाही, आज विषय आहे बंदूक.

आमच्या घरात आजोबांची एक बारा बोअरची दुनळी आहे. परवाना बाबांच्या नावावर आहे, माझ्या नाही. म्हणून आज जे सांगतोय ते सगळं बाबा समोर असताना, आणि नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघून झालेलं आहे. आजोबांनी ती शेतावर डुकरं हुसकवायला घेतली होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारीचा विषयच संपला. मग ती फक्त कपाटातून बाहेर यायची, तीही तेल लावायला किंवा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला.

आजोबा गेल्यावर ते तेल लावणं राहून गेलं. बाबांनी ती कापडी खोळीत घालून, कुलूप लावून ठेवली. आता आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती, आठवतंय ना? अशा हवेत कापडी खोळ म्हणजे ओला टॉवेल. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत खोळ काढली, तर डाव्या नळीवर तळहाताएवढा तांबडा गंज.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "नवीन करून घेऊ. सगळी. पॉलिश, ब्ल्यूइंग, लाकूड, सगळं."

मला पटलं. आपण इंजिनिअर लोक, जुनं काही दिसलं की आधी खाजच सुटते की हे पुन्हा नीट लिहून काढू. मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ओळखीच्या एका पॉलिशवाल्या शेठना दस्त्याचा फोटो दाखवला. त्यांनी झूम करून बघितलं आणि मोबाईल परत दिला. "लकडी तो चमका दूँगा बेटा, पर बंदूक दुकान में मत लाना." त्यांचं बरोबर होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्यानंच करायची असते. मला हे माहीत नव्हतं, बी.टेक. झालं तरी.

मग मी वाचायला बसलो, आणि दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी डाक लावून जोडलेल्या असतात. आजकाल सर्रास होतं ते हॉट ब्ल्यूइंग, म्हणजे कॉस्टिक क्षारांच्या उकळत्या पाण्यात बुडवणं, साधारण 140 अंश सेल्सिअसला. ते पाणी पट्टीखाली शिरतं आणि डाक खातं. वरून बंदूक काळीभोर, आतून जोड सुटायला लागलेला. जुन्या दुनळीला हळू पद्धत लागते. मुद्दाम बारीक गंज चढवायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, घासायचा, मग पुन्हा तेच, कितीतरी फेऱ्या. वेळ जातो, पैसे जातात, आणि त्याआधी नळी घासून साफ करावी लागतेच.

आणि घासणं हीच दुसरी गोष्ट. बाबांनी नळ्या उतरवून दिल्या, मी टॉर्च मारून खालची सपाट बाजू बघितली. बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के होते. मुकुट, त्याखाली एनपी, म्हणजे धूररहित दारूसाठी तपासलेली. शेजारी छऱ्यांचं वजन औंसात. अशी औंसातली नोंद 1925 ते 1954 या काळातल्या शिक्क्यांत असते. घरात कोणालाच माहीत नव्हतं बंदूक किती जुनी आहे. आजोबांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती, पावती नाही. तेवढेच शिक्के, तोच तिचा जन्मदाखला. बफिंगच्या चाकाखाली हे दोन मिनिटांत पुसट होतं. ओळखक्रमांक गेला तर तो गुन्हाच, पण शिक्के गेले तर विचारायला तरी कोण येणार?

मी बाबांना अंबरनाथचं शिवमंदिर आठवून दिलं. आपण लहानपणी तिथे जायचो, तेव्हा गाभाऱ्याच्या पायऱ्या आणि बाहेरची माकडं एवढंच बघायचो. पण ते मंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, हे आपण सांगू शकतो ते तिथल्या शिलालेखामुळे. तो दगड कोणी छान गुळगुळीत करून दिला असता तर?

बाबा म्हणाले, "मग गंज तसाच ठेवायचा? तुझे आजोबा असते तर मला उभा केला असता."

तेव्हा मला कळलं की त्यांना बंदूक नवी करायची नव्हती, खोळीतली ती वर्षं पुसायची होती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाहीये अजून.

शेवटी बाबा परवाना घेऊन मुंबईतल्या एका परवानाधारक कारागिराकडे गेले, मी सोबत. त्यानं नळ्यांच्या आत बघितलं आणि म्हणाला, "आत खड्डे पडलेत. हे घासून काढले तर नळी पातळ होईल. काडतूस घालू नका, आणि रंगही काढू नका." तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टीलवूलनं त्यानं फक्त तांबडा गंज उचलला. खालचा तपकिरी डाग राहिला. दस्त्याच्या मानेला तडा होता, आजोबांनी त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. तड्यात गोंद भरला, आणि तीच तार परत गुंडाळली. गालाजवळ वापरून गुळगुळीत झालेल्या जागेला हात लावला नाही, थोडं जवसाचं तेल तेवढं.

पैशांत मोजलं तर चकचकीत दुनळीला कदाचित जास्त भाव आला असता, विकत घेणाऱ्याला सगळंच माहीत नसतं. आम्हाला विकायची नाही. आणि स्पष्ट सांगतो, तुमच्याकडची बंदूक आधीच कोणीतरी बफ करून, प्लेटिंग मारून ठेवली असेल, तर मूळ काही उरलेलं नाही, तिला परत चांगलं ब्ल्यूइंग करा, मी अडवणार नाही.

कापडी खोळ टाकून दिली. आता कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा पेपर अंथरून बसतात. मागच्या वेळी चष्मा लावून नळी उलटी धरली आणि मला हाक मारली, "अरे, तो मुकुट कुठे म्हणालास? दाखव परत."